कड्यावरचे ओरखडे

शिरूर, ५ नोव्हेंबर २०२४

ती. शेवंताआत्यास,
ज्ञानेशचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या करंज्या दोन दिवसांत संपल्या. फोनवर मी बोलतो एक आणि तू ऐकतेस भलतंच, म्हणून हे पत्र. परवा जे दौंडला येऊन आपला बँजो पाहून गेले, त्या पुण्याच्या गृहस्थांचा होकार आला. आगगाडीच्या ड्रायव्हरसाहेबानं ऑस्ट्रेलियाला जाताना आपल्या फायरमनला, म्हणजे तात्याआजोबांना दिलेली ही वस्तू शंभर वर्षांची निघाली. मानेवरची शिंपल्याची वेलबुट्टी शाबूत, पाठीवरचं कोरीव काम शाबूत. कातडं ढिलं झालंय, एक खुंटी नंतरची. फक्त गोल कड्यावर, उजवं मनगट टेकतं तिथं, सोन्याच्या मुलाम्यावर बारीक ओरखडे आहेत. ते कशाचे, हे त्यांनाही उमगलं नाही.

बँजो ते आपल्या संग्रहात काचेच्या कपाटात ठेवणार आणि खाली पाटी लावणार, वादक कै. मारुतराव. माझ्या आप्पांचं नाव पुण्यात लागेल, आत्या! रविवारी २४ तारखेला न्यायला येतील. तोवर सोनाराकडून ओरखडे तेवढे घासून घे. आणि कृपा करून दसऱ्याला लावतेस तशी चिंच लावू नकोस.

मुलांचा नमस्कार. लोभ असावा, करंज्याही असाव्यात.
तुझा ज्ञानेश

दौंड, ९ नोव्हेंबर

चि. ज्ञानेश यास,
अ. उ. आ.

चिंचेला नावं ठेवू नकोस, तुझ्या आजीची सगळी भांडी तिच्यावरच चमकली. सोनाराकडे मी जाणार नाही. ओरखडे राहतील आणि बँजोही इथंच राहील.

रागावण्याआधी पुढं वाच. ते ओरखडे माझ्या बांगड्यांचे आहेत. तात्यांनी शिकवायला बसवलं दादाला, म्हणजे तुझ्या आप्पांना, आणि शिकले मी, दाराआडून. पोरीच्या जातीनं बाजा वाजवायचा नाही, असा तात्यांचा कायदा. म्हणून लग्नानंतरही दर रविवारी दुपारी मी क्वार्टरवरून माहेरी यायचे, दादा आतून कडी घालायचा, मी वाजवायचे आणि तुझा बाप शेजारी पेपर वाचत पडायचा. अख्ख्या रेल्वे वसाहतीत त्याचं नाव झालं. चारचौघांत वाजव म्हटलं की तो हात जोडायचा, आणि लोक म्हणायचे, केवढा विनयी माणूस! त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं कडी घातली नसती तर मला तेवढंही मिळालं नसतं. पण पाटीवर त्याचं नाव मी लावू देणार नाही. एवढी वर्षं गप्प बसले ती काचेआड कोंडून घ्यायला नव्हे.

थंडी पडलीय, कानाला बांधत जा. राग आला तरी लोभ ठेव.
तुझी आत्या

शिरूर, १३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

आप्पा उत्तर द्यायला येणार नाहीत, म्हणून काहीही लिहावं का? त्या बंद दाराबाहेरच्या पायरीवर मी दर रविवारी बसून असायचो. एरवी आप्पा माझ्याशी दोन शब्द बोलत नसत. माझ्या बापाचं माझ्याकडे आहे ते तेवढंच. तारांमागे एक बारीक किणकिण असायची, ती मी पुन्हा कुठं ऐकली नाही, ती त्यांची खुबी. मी दहावीत असताना त्यांनी वाजवणं सोडलं, का ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि आता तू म्हणतेस, ते पेपर वाचत होते! पाहुणे २४ ला येतीलच.

जास्त काय लिहू.
ज्ञानेश

दौंड, १७ नोव्हेंबर

चि. ज्ञानेश यास,
अ. उ. आ.

तू दहावीत होतास त्याच साली तुझे आतोबा वारले. सासूनं माझं बाहेर पडणं बंद केलं, आणि इकडं दादाचा वाजवता हात गेला. हिशेब तूच जुळव.

ढोलक्या मढवणाऱ्या इब्राहिमभाईंकडून मी कातडं बदलून घेतलंय. तुझ्या पाहुण्याला रुचणार नाही, न रुचो. रविवारी ये, त्याच पायरीवर बस, मी आत कडी घालते. ऐकून पटलं नाही तर बँजो घेऊन जा, हवी ती पाटी लाव. मी चकार शब्द काढणार नाही.

येताना स्वेटर आण. माया आहे तशीच आहे.
तुझी आत्या

शिरूर, २६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी दाराबाहेर काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

पाहुणे नवं कातडं पाहून तोंड वाकडं करून अंगणात उभे होते. मी पायरीवर बसलो. तू वाजवू लागलीस, गत तीच होती. तरी मी मनाशी म्हणालो, ऐकून ऐकून शिकली असेल, कारण किणकिण नव्हती. मग तू मध्येच थांबलीस. मला वाटलं, हरलीस. आत कागदाची पुडी सोडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सुरू केलंस तेव्हा तारांमागे ती किणकिण होती. मी तिथंच रडलो, आत्या. दार उघडलं तर तुझ्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, एकोणतीस वर्षांनी. शेजारच्या साळूबाईंनी तोंडाला पदर लावला, तर तू त्यांना बघवत नसेल तर घरी जायला सांगितलंस आणि दार उघडं ठेवून पुढं वाजवलंस.

पाहुण्यांनी नंतर विचारलं, पाटीवर नाव बदलायचं का. मी म्हटलं, पाटीच नको. ते रिकाम्या हातानं गेले.

येत्या रविवारी दुपारी येतो. पेपर घेऊन येतो आणि आप्पांच्या जागी पडतो. कडी मात्र घालायची नाही.

तुझाच,
ज्ञानेश