मावशीच्या पिशवीतला कुत्रा

४ मार्च

परदेशात पाय ठेवला आणि पहिलाच अपमान! बंदरावरच्या डॉक्टरांनी मला औषधी साबणानं खसाखसा घासून काढलं. "येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला आंघोळ. नियम आहे." आता अंगाला नुसता लिंबाचा वास येतोय. गुप्तहेर कुत्र्याची ही दशा!

मावशीनंही आंघोळ निमूट करून घेतली. मावशी म्हणजे माझी जोडीदारीण, मांजर. पाण्याचा थेंब उडाला तरी कपाटावर चढणारी! पिशवीला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. का बरं?

माझा निळा मफलर निघाल्या दिवसापासून गायब आहे. चोरी!

५ मार्च

कासवआजींच्या नातवाला एका जादूगारानं पेटीत घालून इथं पळवून आणलंय. त्याला सोडवून घरी न्यायचं. पुढच्या शनिवारी, १२ तारखेला, जादूगाराची बोट सुटते. त्यानंतर पोरगं कुठल्या कुठं जाईल, देव जाणे. आम्ही निघालो तेव्हा आजींनी डोकं तेवढं आत ओढून घेतलं.

६ मार्च

खोलीत दुसऱ्या कुत्र्याचा वास!!

ओल्या पायपुसण्यासारखा, त्यात शिळी बिस्किटं. वयस्कर, आळशी, अंगाला फणी न लावणारा इसम असणार. वास येतोय मावशीच्या अंथरुणातून!

"मावशी, कुणी आलं होतं?"

"कोण येणार इथं मेलं?" आणि मान फिरवून पंजा चाटायला लागली.

नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. माझं नाक खोटं बोलत नाही.

७ मार्च

आज वास तिच्या पाठीलाही. भेटते कुठं त्याला?

८ मार्च

घात झाला! जादूगाराचे प्रयोग चालतात त्या नाटकगृहाच्या पुढच्या दारावर माझी नेमणूक होती, मागच्या दारावर मावशीची. मी जाऊन मागेच लपलो, तिच्यावर नजर ठेवायला. तो कुत्रा आलाच नाही. तेवढ्यात जादूगार पुढच्या दारानं पेटी घेऊन निघून गेला!

त्याला आमची बातमी दिली कुणी? उघड आहे, त्या कुत्र्यानं. आणि कुत्र्याला दिली कुणी? लिहवत नाही.

९ मार्च

आज तोंडावर विचारलं. "कोण आहे तो कुत्रा?"

"कुठला कुत्रा?"

"साळसूदपणा पुरे! पिशवी उघड."

तिनं पिशवी पोटाशी धरली. "इतकी वर्षं एका छपराखाली काढली रे. आणि माझी झडती घेतोस?" आवाज कापत होता. चोराचा कापणारच!

मी म्हणालो, "फितूर!"

ती पिशवी उचलून खिडकीतून गेली.

बरं झालं. ब्याद गेली.

खोली फार मोठी वाटतेय.

१० मार्च

दिवसभर एकट्यानं बोळ पालथे घातले. धुळीत सरपटलो, मासळीच्या गाड्यांखाली लोळलो. पेटीचा पत्ता नाही. मावशी असती तर एव्हाना छपरांवरून चार घरं बघून आली असती. जाऊ दे! तो लिंबाचा वास एकदाचा गेला, हेच काय ते बरं.

खोलीत आलो, दार लावलं, आणि — तो! इथंच! पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं. मी वळलो की हा पठ्ठ्या मागे! गरागरा फिरून पाठलाग केला, शेवटी त्याची शेपटी दातांत सापडली. कडकडून चावलो.

आई गं!

पायपुसणं. शिळी बिस्किटं. म्हणजे मी असा... घरी सगळीकडे माझाच वास असतो, म्हणून कधी कळलंच नाही.

११ मार्च, शुक्रवार

मावशीच्या अंथरुणावर निळ्या लोकरीचा धागा सापडला. माझ्या मफलरचा. पिशवीत तोच होता तर! परक्या मुलखात तिला त्याच्याशिवाय झोप लागत नसणार. आणि हे मला सांगायची लाज! मी मेल्यानं तिला फितूर म्हटलं. रडू आवरत नाही.

खिडकीखाली माझाच वास आहे, म्हणजे मफलर तिच्याजवळच आहे. थोडा माग काढून बघितला. घराच्या वाटेला वळलेला नाही. सरळ बंदराकडे गेलाय, जादूगाराच्या बोटीकडे.

ती रुसून पळाली नव्हती. एकटीच कामाला गेली होती.