कचेरीच्या पायरीवरचा सवाल

चैत्र शु. ११, मंगळवार. फसली सन १३२१. उमापूर
धोंडी वस्ताद आज चिलीम भरता भरता म्हणाले, “राम्या, औंदा जत्रंत दुसरा सवाल तू टाकायचा.” एवढंच. मग ओढत बसले. मी बाहेर येऊन गोठ्याला उगीच एक फेरी मारली.

आबांना सांगितलं. ते मेंढरांच्या खुरांना औषध लावत होते. “सवाल टाक न्हाईतर धोंडा टाक, कोकरं कोन बघनार?” आमच्या बापाला गाण्यातलं काही कळत नाही. पण संध्याकाळी पारावर तेच चार माणसांना सांगत होते, आमचा राम्या सवाल टाकणार म्हणून.

वस्तादांच्या ओसरीत शाहीर बादशाहभाईंचा डफ खुंटीवर आहे. मी पुसून ठेवतो. गेल्या साली ते हरले. ते कलगीवाले, शक्तीला थोर मानणारे. आम्ही तुरेवाले, आमचा शिव थोर. ज्याला जवाब सुचला नाही त्याने डफ समोरच्यापुढं ठेवून उठायचं ही रीत. बादशाहभाईंनी ठेवला, पण ठेवताना वस्तादांकडं असं बघितलं की मला पाणी प्यावंसं वाटलं. वर्षभर त्यांच्या गावाहून निरोप येतात, “माज्या डफाला ऊन लावू नका.” यंदा तो न्यायलाच येणार. येऊ दे. आम्ही काय बांगड्या भरल्यात?

भाकर गेली नाही. सवाल जुळवतोय.

शु. १३, गुरुवार
वाटोळं झालं. लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

काल हद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात, एका पाटलाकडं गाणं झालं. आज परत येताना नाक्यावर जवानाने गाडी थांबवली. बसून बसून कंटाळलेला दिसला. माझं तुणतुणं बघून म्हणाला, “बजाके दिखा.”

आता मला कुणी वाजव म्हटलं की मी थांबतो थोडाच. तारेला बोट लावलं तर ठस्स. पुन्हा ठस्स. जवान हसला. मला लाज वाटली. खुंटी पिळली, तरी तेच. मग आत हात घातला, तर फडक्याची पुरचुंडी. मीच ती ओढून काढली, मीच त्याच्यासमोर सोडली. वास आला तेव्हा कळलं.

गांजा. आमच्या मोगलाईत, निजामाच्या राज्यात, सरकारी ठेक्याचा सोडून दुसरा आणला की गुन्हा. वस्ताद नेहमी म्हणतात, ठेक्यावरचा म्हणजे वाळला पाला, त्याने आवाज चढत न्हाई. म्हणून पलीकडून घेतला आणि माझ्या तुणतुण्यात कोंबला. मला न विचारता.

जवानाने माझं मनगट धरलं. वस्ताद गाडीतून उतरले, शांतपणे म्हणाले, “त्याला सोड. माझा माल हाय. पोराला ठावं बी न्हाई.” आणि हात पुढं केले.

त्यांना तालुक्याला, गेवराईला नेलं. तुणतुणं मुद्देमालात गेलं. आमची जत्रा दोन दिवसांवर.

राग येतो. मला न विचारता! आणि ते हात पुढं केले ते आठवलं की रागही धड येत नाही.

शु. १४, शुक्रवार. गेवराई
हवालातीपाशी गेलतो. जानकाकी (वस्तादांची बायको) भाकरी घेऊन बरोबर. मला वाटलं रडतील. उलट ठाण्याच्या अमीनसाहेबाला म्हणाल्या, “ठिवा जी चार दिस. घरात चिलीम सुटना, हितं तरी सुटंल.” अमीन हैदराबादकडचा, त्याला निम्मं कळलं असेल, तरी हसला.

वस्ताद गजाआड उकिडवे बसलेले. डोळे लाल. रात्रभर झोप नाही, भाकरीला हात नाही. मला बघून एकदम खेकसले, “कावून वाजवलंस बे? मुकाट बसता येत न्हवतं?” मी म्हणालो, “तुमी सांगितलं असतं तर बसलो असतो.” मग “जेलात डफ देत न्हाईत म्हनं,” म्हणाले. सजेपेक्षा त्यांना त्याचीच धास्ती दिसली.

जामीन हवा. घरदार असलेला माणूस हवा. आमच्या गावच्या पाटलाने कानावर हात ठेवले. गाणं ऐकायला रात्र रात्र बसतात, पण कागदावर अंगठा म्हटलं की सगळ्यांना शेताची कामं आठवतात. आबांना विचारलं तर म्हणाले, सरकार जामिनाला मेंढरं धरत न्हाई, न्हाईतर केलं असतं. बहुतेक खरंच म्हणाले.

पौर्णिमा, शनिवार. गेवराई
काय लिहू. बादशाहभाई आले!

धुळीने माखलेले, घोंगडी खांद्यावर, मागे त्यांची सगळी मंडळी. आले ते जत्रेसाठी, माळावर कळलं की धोंडी वस्ताद आत आहे, तसेच कचेरीकडं वळले. मी म्हटलं, हा आता हसणार. ते सरळ कारकुनाकडं गेले आणि जमानतनामा मागितला. विणकर माणूस. घर आणि माग, दोन्ही लिहून दिले. पेशी सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी. वस्ताद आले नाहीत तर दोन्ही सरकारजमा.

वस्ताद बाहेर आले. “बादशाहभाई, तुमी माज्यासाठी...”

“तुज्यासाठी न्हाई बे. माज्यासाठी. माजा डफ तुज्या खुंटीवर हाय. तू आत बसलास तर मी तो कुनाकडनं जिंकू? तुज्या बायकूकडनं?”

जानकाकी तोंडाला पदर लावून हसल्या. मीसुद्धा. वस्ताद तेवढे हसले नाहीत. चिलीम नसल्याने त्यांना आज कशाचंच हसू येत नाही.

उद्या सामना. माझ्याकडं तुणतुणं नाही. बादशाहभाई (बा. भा.) म्हणाले, आमच्यातलं घे, फक्त त्यात काही लपवू नको.

व. १, रविवार
झाला. गळा बसलाय, कान वाजताहेत, आणि झोप येणं शक्य नाही.

जत्रेच्या आमराईत सकाळीच माणूस मावेना. झाडांवर पोरं. अमीनसाहेबासाठी खुर्ची. पहिलं कवन फाटलं. सरळ फाटलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी मागून धरायची ती झील जरा लांबवून सांभाळून घेतलं. दुसरंही जेमतेम. माझ्या सवालाची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता मीही पडणार. पण टाकला! बा. भा. नी जवाब दिला, चांगला दिला, आणि खाली बसताना माझ्याकडं बघून मान हलवली. एवढी मान मला वर्षभर पुरेल.

आणि मग तिसऱ्या कवनाला वस्तादांचा आवाज उघडला. कसा ते सांगता येत नाही. एवढी वर्षं त्यांच्या मागे उभा आहे, इतका वरचा सूर मी ऐकला नव्हता. मला झील गाठता येईना. अमीनसाहेब खुर्चीतून पुढं झुकून, “क्या गाता है कमबख्त!” बा. भा. चे डोळे मिटलेले. हरायची भीती कुठंच नाही त्यांच्या तोंडावर, नुसता आनंद.

उन्हं कलली तरी कुणी कुणाला हटेना. शेवटी बा. भा. उठले आणि हा सवाल टाकला:

नऊ दारांचं घर सोडुनी धनी निघाला परगावा,
सांग शाहिरा, मागं कुणी जामीन घराला ऱ्हावा?

वस्तादांनी डफावर हात ठेवला, तोंड उघडलं. तेवढ्यात बा. भा. नी हात वर केला. “आज न्हाई घेत जवाब. फुडल्या सोमवारी, कचेरीच्या पायरीवर घेतो.” आणि चालू लागले.

पहिल्यांदा मला कळेना. लोकांना आधी कळलं, असा गलका उठला की बैल बुजले. कागद मोडून माणूस पळेल, पण सवाल अंगावर घेऊन कुठला शाहीर पळेल? पळाला तर हरला, डफ गेला, आणि मोगलाईत काय, इंग्रजीतही त्याला कुणी पुढं बसवणार नाही.

काय माणूस आहे.

व. २, सोमवार. उमापूर
सगळं गाव सवालाचा जवाब शोधतंय. नऊ दारांचं घर म्हणजे देह, एवढं सगळ्यांना कळलंय, मागं जामीन कोण तिथं अडलंय. न्हावी म्हणतो, पोरगा. आबा म्हणतात, कुत्रं. मी म्हणतो, कीर्ती. वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, “तोंड मीट. तुला इचारलाय का?”

पण मग माझ्याजवळ येऊन बसले. “राम्या, काल चिलीम न्हवती.”

“व्हय.”

“तरी आवाज लागला.”

“लई वर लागला, वस्ताद.”

“मंग इतकी वरसं मी कशापायी ओढली बे?”

मला वाईटही वाटलं आणि आतून नाचावंसंही वाटलं.

व. ४, बुधवार
पलीकडून माणूस आला. एका तमाशाच्या फडाचा मालक वस्तादांना बोलावतोय. इंग्रजी हद्दीत इथला अमीन येत नाही, मोठी गावं फिरायची, आणि वर म्हणतो, चिलमीची ददात पडू देणार नाही. जाताना एक पुडी ओसरीत ठेवून गेला.

जानकाकींनी ती उचलून चुलीत टाकली. वस्ताद चुलीजवळ जाऊन उभे राहिले, धूर अंगावर घेत. काकी म्हणाल्या, “बघ मेल्याला.” तोंडाने शिव्या, डोळ्यांत पाणी.

व. ७, शनिवार
वस्ताद नीट जेवतात. रोज हद्दीपर्यंत चालत जातात आणि परत येतात. आज मी मागोमाग गेलतो. ओढ्याच्या काठाला उभे. पलीकडं एक पाऊल टाकलं की संपलं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. सवाल की जवाब, ते मला ऐकू आलं नाही. मी बाभळीमागं दडलो होतो, काटा मोडला आणि ओरडलो. त्यांनी वळून बघितलं, हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

“माझी राखन करतूस व्हय?”

“न्हाई, वाभळीच्या शेंगा बघत होतो.” घाबरलो की माझी जीभ अशी वळते. बाभळीच्या म्हणायचं होतं.

बा. भा. चा निरोप आला. पेशीचा नाही, डफाचा. “ऊन लावू नका.” आणणारा सांगत होता, त्यांची बीबी त्यांच्याशी बोलत नाही, मागावर धोटा नुसता आपटते.

व. ८, रविवार
संध्याकाळी वस्ताद म्हणाले, “पहाटं गाडी जुंप.”

“कुनीकडं?”

“जुंप म्हनलं ना.”

पहाटे निघालो तर गेवराई वेळेवर गाठता येते. हद्दही गाठता येते. विचारायची हिंमत झाली नाही. तसं वाटतं, येतील. मला जवाबही सापडलाय, कीर्ती नव्हे, दुसराच, आणि इतका बरोबर आहे की अंगावर काटा येतो. पण तो बोलायचा हक्क माझा नाही. इथंही लिहीत नाही.

व. ९, सोमवार. गेवराई, कचेरी
पायरीवर बसून शिसपेन्सिलीने लिहितोय.

पहाटे गाडी जुंपून नेली तर वस्ताद घरात नाहीत. जानकाकी भाकरी थापत होत्या. “अंधारातच उठले. काय बोलले न्हाईत.” कुणीकडं गेले? “माजी पाठ व्हती बाबा.” ओसरीत बघितलं. त्यांचा डफ खुंटीवर. बादशाहभाईंचा डफ नाही.

ओढ्याकडं जाऊ का गेवराईकडं? बैल आपसूक गेवराईच्या वाटेला लागले, मी वळवले नाहीत. वाटेत भेटेल त्याला विचारलं. कुणी बघितलेलं नाही.

बा. भा. आधीच येऊन बसलेले. मला एकट्याला बघून उठले, पुन्हा बसले.

“आला न्हाई?”

“न्हाई.”

“डफ?”

“तुमचा खुंटीवर न्हाई. त्यांचा हाय.”

त्यांनी दाढी खाजवली. “माजा डफ घेऊन तो पळायचा न्हाई,” म्हणाले. आणि मग, “पळंल का बे?” मी म्हणालो, न्हाई. किती जोरात म्हणालो ते आजूबाजूच्यांनी वळून बघितलं तेव्हा कळलं.

लोक जमलेत. आमराईतलेच निम्मे. कुणाला पेशीचं देणंघेणं नाही, जवाब ऐकायला आलेत. अमीनसाहेबही आत बाहेर करतो आहे.

चपराशी दारात आला. तीन पुकारे असतात, तिसऱ्याला हजर नसलं की जामीन गेला. “धोंडी वल्द सटवा, हाजिर है?” पहिला झाला. वाटेवर धूळ आहे, पण ती म्हशींची.

बा. भा. उभे राहिले. मला वाटलं, आत जाऊन वेळ मागतात. ते पायरीच्या कडेला गेले, कानावर हात ठेवला आणि डफ नसताना, भर कचेरीपुढं, सवाल गायला लागले. वेशीपर्यंत जाईल असा आवाज. नऊ दारांचं घर सोडुनी... चपराशी हातातला कागद विसरून उभा. अमीन दारात आला, खाली बघितलं, आणि परत आत गेला.

त्यांची मंडळी बरोबर नाही. एकट्याने कडवं धरलंय आणि मागे उचलायला कुणी नाही. कलगीचं कवन आहे, तुरेवाल्याने उचलायचं नसतं. पण वस्ताद वाटेवर कुठं असतील तर दोन आवाज लांबून ऐकू येतील.

दुसरा पुकारा व्हायचाय. पेन्सिल ठेवतो, झील मला धरायची आहे.