उड्डाणाचा अंक

मंगळवार, ४ मार्च

मिळाले! कामगार क्लबच्या कॅरमखोलीवरच्या पोटमाळ्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या मागे – विमान कारखान्याच्या गृहपत्रिकेचे गठ्ठेच्या गठ्ठे. कारखाना बंद पडून जमाना झाला, तरी हे तिथेच धूळ खात पडलेले. व्यवस्थापक म्हणाला, "न्या ताई. नाहीतर महिनाअखेरीस रद्दीवाला नेणारच आहे." स्कूटरवरून फेऱ्या मारून सगळे घरी आणले. शिंकून शिंकून नाक लाल झालंय.

बाबांना फोन केला. म्हणाले, "आधी माझ्या विमानाचा अंक बघ. मुखपृष्ठावरच आहे ते."

बुधवार, ५ मार्च

बाबांच्या विमानाची गोष्ट आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ. कारखान्याने स्वतः घडवलेलं पहिलं विमान, डाव्या पंखाचे रिव्हेट बाबांनी मारलेले, आणि ते उडालं तेव्हा बाबा नेमके पाय मोडून दवाखान्यात! दादाने मध्ये कुठेतरी वाचलं, की असं विमान कधी उडालंच नव्हतं. तेव्हापासून बाबांची खेचतो. 'तुमचं विमान कागदी होतं, बाबा.' बाबा उठून आत जातात. मला ते बघवत नाही. अंक सापडू दे, दादाच्या नाकावर टिच्चून त्याच्यापुढे ठेवते की नाही बघ.

शनिवार, ८ मार्च

गंजलेल्या पिना काढायच्या, मऊ ब्रशने कसर झटकायची, दमट पानं सुटी करून वाळवायची, मग दोन अंकांच्या मध्ये बटरपेपर. जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरलेली नाही. नवरा ताट मांडीवर घेऊन बसतो आणि कुरकुर करत करत स्वतःच वाचत राहतो.

काय काय छापायचे हे लोक! पेंट शॉपमधल्या कुणाची तरी छत्री हरवली, तर अंकामागून अंक निवेदन. शेवटी एका कोपऱ्यात – 'छत्री मिळाली. घरीच होती.' एकाने कँटीनच्या चहावर कविता केलीय, संपादकांनी खाली टीप टाकलीय की चहा आता सुधारला आहे. एक अंक साफ करायला घेतला की तासभर वाचनातच जातो. मला ही सगळी माणसं शेजारीपाजारी असल्यासारखी वाटायला लागलीत.

रविवार, ९ मार्च

बाबा सांगतात त्या महिन्याचा अंक मिळाला. मुखपृष्ठावर कोबी! साहेबांच्या बागेतला, बक्षीस मिळवलेला, हा एवढा कोबी. आत विमानाचं नाव नाही. आधीच्या अंकात 'लवकरच उड्डाण' अशी मोठी चौकट आहे, आणि नंतरच्या कुठल्याच अंकात चकार शब्द नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन – "सापडला का?" डोळे अधू झाल्यापासून त्यांना वाचता येत नाही, तरी तो अंक हवाच आहे. म्हटलं, अजून गठ्ठे आहेत. गठ्ठे आहेत खरे, पण त्यात काही निघेल असं वाटत नाही. दादाचंच बरोबर असलं तर?

बुधवार, १२ मार्च

दादाचा फोन. "मिळालं का कागदी विमान?" मी फोन ठेवून दिला.

शनिवार, १५ मार्च

शेवटच्या पानावर छापखान्यातल्या लोकांची नावं असायची. त्यातले एक जुळारीकाका – अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे – अजून आहेत, बाजारामागे मुलीकडे राहतात. आज त्यांच्याकडे जाऊन आले. काकांनी ऐकून घेतलं, उठले, कपाटातून एक अंक काढून हातात ठेवला. तोच महिना, तोच क्रमांक – आणि मुखपृष्ठावर विमान! आत उड्डाणाचं पानभर वर्णन. मी हरखूनच गेले.

"थांबा जरा," काका म्हणाले. "हे आम्ही आदल्या दिवशीच छापलंय. साहेब म्हणाले, उडणारच आहे, कशाला थांबता? सकाळी विमान मैदानभर पळालं आणि परत आत आलं. उडालं काही नाही. मग वरच्यांनी ते कामच बंद केलं. हा एक मी लपवून ठेवला, बाकीचे अंक बॉयलरमध्ये घातले आणि घाईघाईत तो कोबीवाला काढला. फक्त आजारी कामगारांचे अंक तेवढे आधीच पोस्टात पडले होते."

म्हणजे बाबांचाही! बिचारे जन्मभर त्या एका अंकावर विसंबून राहिले. आता हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

रविवार, १६ मार्च

अंक कपाटात. बाबांचा फोन घेतला नाही. रद्दीवाल्याने नेलं असतं तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

सोमवार, १७ मार्च

शेवटी बाबांकडे गेले. अंक बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, बाबा, एक सांगायचंय.

"उडालं नाही, हेच ना?" बाबा म्हणाले. "कामावर परत गेलो त्याच दिवशी कळलं मला. पण तोवर तुझ्या आईने दवाखान्यात हा अंक फाटेस्तोवर अख्ख्या वॉर्डाला वाचून दाखवला होता. मग कुठे तिला सांगणार? ती गेली तोवर नाहीच सांगितलं. दोस्तांनाही बजावून ठेवलं, घरी आलात तर बोलू नका."

अंक त्यांनी माझ्याकडे परत दिला. "वाच आता. ती वाचायची तसं, मोठ्याने."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.