येतो म्हटलं की दार बंद

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले बाई एकदाची श्रीवर्धनला! पहाटेची एसटी, माणगावला पाणचट चहा, म्हसळ्याच्या वळणावर शेजारच्या बाईचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि मांडीवर स्पीकरचा खोका. कंडक्टरनं विचारलं, यात काय? म्हटलं, बोलणारा डबा. तर म्हणे बोलतो ना, मग त्याचं तिकीट काढा. पनवेलपासून इथवर तेवढंच हसले, पण पोटभर हसले.

काम दयारामदादांचं. ते न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. कोळीवाड्याच्या टोकाला त्यांचं हे दुमजली घर, बंदर समोरच दिसतं. घरात त्यांची आई सोनाबाई आणि धाकट्या भावाची बायको राही, दोघीच. घर 'स्मार्ट' करायचंय. म्हणजे दिवे, पंखे, दाराचं कुलूप, कॅमेरे, सगळं फोनवरून आणि तोंडी हुकमावर चालायला हवं. खाऱ्या वाऱ्यानं वायरिंगही सडलंय, तेही बदलायचं. दहा दिवस तरी जातील. वरची खोली मला दिली आहे.

वायरमन आलाय म्हटल्यावर सोनाबाई माझ्या पाठीमागे बघायला लागल्या. पुरुष कुठे उभा आहे ते शोधत होत्या! मीच वायरमन म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, मग आधी जेव. ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी तीन खाल्ल्या.

एकच गोष्ट खटकली. दुपारचा एक वाजलेला, बाहेर रखरखीत ऊन, आणि घरातला एकूण एक दिवा चालू. पुढचं दार सताड उघडं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिव्यांचं कारण कळलं.

राहीचा नवरा हरेश्वर. गेल्या वर्षी कार्तिकातल्या अमावस्येला भर दुपारच्या भरतीला बोट घेऊन गेला. बोट नाही सापडली, माणसंही नाहीत. सोनाबाईंनी हे मला कोळंबी सोलता सोलता सांगितलं, हात थांबले नाहीत त्यांचे. तेव्हापासून राही एकही दिवा विझवू देत नाही, दार लावू देत नाही. अंधार दिसला तर हे वाट चुकतील, दार बंद दिसलं तर मागे फिरतील, असं तिचं म्हणणं. पडवीत बसल्या बसल्या डुलकी लागेल तेवढीच झोप. वय एकोणतीस, आणि मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

म्हणून दयारामदादांनी हे डोकं चालवलंय. दिवे आपोआप विझावेत, दार आपोआप लागावं, बंद करणारा हात कुणाचाच नको. फोनवर म्हणाले, क्रांती, भाऊ गेला तो गेला, राही तरी वाचली पाहिजे. माणूस चांगला आहे.

राहीनं मला एकच विचारलं. माणूस आला की दिवे लागतील ना, क्रांतीताई? म्हटलं, लागतील की, त्यासाठीच सेन्सर असतो. तिनं लगेच मला शिडी धरून दिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सोनाबाईंच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यातून शहाणपण आलं.

घराबाहेर पडताना डब्याला सांगायचं, की तो दिवे-पंखे बंद करून दाराला कुलूप लावतो. कंपनीनं त्यासाठी मराठीत शब्द दिलाय 'मी जाते'. मी पडवीत उभी राहून खणखणीत आवाजात म्हणून दाखवला, तर सोनाबाई चुलीपुढून उठून आल्या. "जाते बोलाचं न्हाय गो! समिंदरावर जानाऱ्याच्या घरात कोन जातो बोलतं? येतो बोलाचं." माझी आईसुद्धा भाजीला निघाले तरी हेच ओरडते, आणि मी मात्र कंपनीचं पुस्तक धरून बसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग शब्द बदलला. येतो, येते, येतोय, कसंही म्हणा, डबा समजणार की माणूस बाहेर निघालं. दिवे बंद, दार बंद. आतला माइक आणि दाराबाहेरच्या बेलचा माइक, दोन्हीकडून ऐकेल. त्या एसीत बसलेल्या शहाण्यांना हे जन्मात सुचलं नसतं! दयारामदादांनी फोनवर शाबासकी दिली. राहीच्याही मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी खटकन सगळं बंद. दिवे गेले, पंखे गेले, कुलूप फिरलं. तिघी आत, चहाचे कप हातात. राहीनं किंचाळून दार उघडलं आणि रस्त्यापर्यंत धावत गेली.

अ‍ॅपमध्ये नोंद होती. शब्द: येतो. आवाज: पुरुषाचा. माइक: दाराबाहेरचा. बंदरावर निघालेला कुणीतरी घरच्यांना ओरडून गेला असणार. माइकची ताकद कमी केली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा. सात पन्नासला. बाहेरचाच माइक. कॅमेऱ्यात रस्ता रिकामा, एक मांजर तेवढी.

आजूबाजूला विचारून आले. त्या वेळी या बाजूनं कुणी गेलं नाही म्हणतात. माइक बदलला. राहीनं दुपारी काहीच खाल्लं नाही, दाराकडे बघत बसली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठ चाळीस. रोज पाऊण तास पुढे सरकतंय. यंत्राची चूक असती तर रोज एकाच वेळी झाली असती, म्हणून तिन्ही वेळा कागदावर लिहिल्या आणि न्याहारी करताना सोनाबाईंना सहज दाखवल्या.

त्यांनी कागद वाचला आणि खाडीकडे पाहिलं. मग मी पाहिलं. पाणी पार धक्क्याला लागून नुकतं उतरत होतं.

भरतीच्या वेळा आहेत. तीन दिवसांच्या.

सोनाबाई म्हणाल्या, मला ऐकव. बाहेरच्या माइकचं अ‍ॅपमध्ये साठलेलं असतं. लावलं. वाऱ्याची घरघर, मग अगदी जवळून, दाराला तोंड लावून बोलावं तसं, येतो. सोनाबाई म्हणाल्या, कोन तरी पिऊन आलेला. राहीला सांगू नको. मग आत गेल्या. बऱ्याच वेळानं मी पाणी प्यायला गेले तर चुलीपुढे बसून त्या रडत होत्या, आवाज न करता. आईला आपल्या मुलाचा आवाज ओळखू येणार नाही होय? नुसती शेजारी बसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

राहीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. अ‍ॅप मीच तिला दिलं ना! उशाशी मोबाइल घेऊन ती तेच ऐकत होती.

आज नऊ पंचविसला पुन्हा कुलूप फिरलं, तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, ताई, ते निघालेत म्हणून नाही सांगत. ते येतायत म्हणून सांगतायत. रोज दारापर्यंत येतात, येतो म्हणतात, आणि तुमचा डबा त्यांच्या तोंडावर दार लावतो.

देवा. मीच शिकवलं त्याला! त्या एका शब्दाचे दोन अर्थ, आणि मी शहाणीनं त्यातला नेमका निघायचा अर्थ शिकवला.

मग तिनं तेही सांगितलं, जे वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भांडण झालेलं. अमावस्येला जाऊ नका म्हणून. ते दारात उभे राहून येतो म्हणाले आणि ही भांडी घासत राहिली. या म्हणाली नाही. आपल्यात निघणाऱ्याला 'या' म्हणतात. ती नाही म्हणाली. म्हणून त्यांना येता येत नाही, म्हणते.

दयारामदादांना फोन केला. ते रागावले. काही बदलू नको, दार बंदच राहू दे, मी रविवारी येतो. बरोबर होतं त्यांचं. पण ती माझ्या पायाशी बसली हो. वर्षभर न झोपलेली बाई, माझ्या पायाशी.

संध्याकाळी बदललं. आता आतून-बाहेरून कुठूनही येतो म्हटलं की दिवे लागतील, दार उघडेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दहा पंधरा. दार उघडलं. आपसूक, हळू. सगळे दिवे लागले.

कुणी नाही. ऊन, रस्ता, वाळत घातलेली मासळी. पण सेन्सरची नोंद: उंबऱ्यावर व्यक्ती एक. चार मिनिटं. मग नाही.

सोनाबाईंनी मला वर नेलं. म्हणाल्या, पोरी, उद्या सकाळच्या गाडीनं घरी जा. भरतीबरोबर येतं ते ओहोटीबरोबर परत जातं, आणि एकटं जात न्हाय. माझं काय, मी पिकलेलं पान. राहीला कशी वाचवू सांग.

राहीला इथे अशी टाकून कशी जाऊ? मीच तर दार उघडून दिलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच तो शब्द डब्यातून काढून टाकायला बसले. अ‍ॅप मला आत घेईना. राहीनं पासवर्ड बदललाय. मीच शिकवला होता बदलायला. मुख्य स्विच पाडला तर बॅटरीवर चालू. तीही मीच बसवलेली— वीज गेली तर घरच्यांचे हाल नकोत म्हणून.

राही न्हाली. निळं नऊवारी नेसली, अबोलीचा गजरा माळला. किती सुंदर दिसत होती. रडूच आलं मला.

अकरा वाजता दार उघडलं. तिनं उंबऱ्याशी जाऊन म्हटलं, "या."

अ‍ॅप: घरात व्यक्ती ४.

आम्ही तिघी. तीनदा मोजलं. तिघीच.

माणूस असेल तिथेच दिवा— वीज वाचावी म्हणून तशीच जोडणी केलीये मी. पडवीचा दिवा लागला. मग विझला. माजघराचा लागला. मग स्वयंपाकघराचा. तो तिथेच राहिला. राही ताट वाढत होती, बोलत होती, हसत होती. लादीवर पाणी. बोट लावून चाखलं. खारट.

सोनाबाई त्या दिव्याखालच्या रिकाम्या पाटाकडे नुसत्या बघत होत्या. जवळ गेल्या नाहीत. हाक मारली नाही. आईनं मुलाला हाक मारायची नाही— कसं जमवलं असेल त्यांनी.

रात्री राही झोपली. वर्षात पहिल्यांदा, गादीवर, गाढ. झोपलेल्या माणसावर दिवा विझतो, पण तिच्या खोलीतला विझला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या

लिहिते.

सकाळी तिनं पासवर्ड स्वतःहून सांगितला. आता गरज नाही म्हणाली. मला वाटलं समजुतीनं घेतेय. मी किती मूर्ख आहे!

पावणेबाराला वर वायरी गुंडाळत होते. खालून तिची हाक. "येते हां, क्रांतीताई."

वाटलं दुकानात निघाली. मी वरूनच म्हटलं, ये गं. सवयीनं. मान वर न करता—

नोंदी नंतर पाहिल्या. ११.४४, आतला माइक, येतो. ११.४४, आतला माइक, येते. दार उघडलं. घरात व्यक्ती २.

धक्क्यावर तिच्या चपला. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. उधाणाचं पाणी पायरीवर.

बोटी गेल्या, पोलीस आले. अंधार पडला, बोटी परत आल्या. काही नाही.

सोनाबाईंनी विचारलं, तुला सांगून गेली? तू काय म्हणालीस? मी सांगितलं, ये म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, मग ती येल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दयारामदादा निघालेत. वडखळला अडकलेत. आईला एकटी सोडू नको म्हणाले. नाही सोडत.

सोनाबाईंनी सांगितलं, आधी होतं तसं कर. येतो म्हटलं की दार बंद. येते म्हटलं तरी बंद. दोघान्लाबी. मी म्हटलं, मावशी, तुमचीच आहेत ती. तर म्हणाल्या, व्हय, माझीच हायत. पन तुझी आय तिकडं पनवेलला वाट बघते ना?

केलं. मीच केलं. हाताची कडी-खिट्टीही लावली. माझ्यासाठी लावायला लावली त्यांनी, स्वतःसाठी नाही.

सव्वाबारा. सोनाबाई दाराला पाठ लावून बसल्यात. पदराचा बोळा करून तोंडात कोंबलाय. उत्तर जाऊ नये म्हणून. मलाही तसंच करायला लावलं. म्हणून लिहितेय. हाताला काम हवं—

१२.२६. राही. "येते, क्रांतीताई." किती गोड आवाज. दिवे गेले. कुलूप फिरलं. मी ओढणी चावतेय. राही, माफ कर गं. माफ कर.

पुन्हा. येते. पुन्हा कुलूप.

सोनाबाईंनी बोळा आणखी आत कोंबला. डोळ्यांतून नुसतं पाणी.

दाराखालून पाणी येतंय—

आता तो. आजवर नुसतं येतो म्हणायचा. आज— आज म्हणाला, "आये."

"आये, येतो गो."

सोनाबाई उठल्या. मी धरलंय त्यांना, एका हातानं, एका हातानं लिहि— नाही धरवत— त्यांनी खिट्टीला हात घातला— पदराचा बोळा तोंडातून काढला आणि म्ह—