भागवतच्या वावरातली पाटी

प्रिय धम्मदीपा,

सप्रेम जय भीम. अकोला गाडीच्या कंडक्टरने या पत्रासोबत तुला एक पिशवी दिली असेल. तिच्यातली वाळकी झाडं कचरा समजून फेकू नकोस. सोमवारी कृषी कॉलेजात तुला आपल्या मंडळाच्या बायोचारवर अहवाल मांडायचा आहे, त्याआधी हे पत्र वाच, आणि शक्यतो जेवून वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी काय काय बोलून जातो ते पुढे कळेलच.

जानेवारीत सुट्टीला आलीस तेव्हा तूच सांगितलंस, तुराट्या धुऱ्याच्या बांधावर जाळून राख करू नका, खड्ड्यात कमी हवेत जाळून कोळसा करा, हाच बायोचार, तो मातीत पाणी आणि खत धरून ठेवतो. आठ दिवसांत आपल्या मेडशीत अकरा जणांचं मंडळ उभं राहिलं. पगार कोणालाच नाही, पदं मात्र सगळ्यांना. मदनसिंग अध्यक्ष झाला, कारण सतरंजी त्याची होती. मी सचिव, कारण तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस हिशोबी असतो, अशी लोकांची समजूत. पहिला खड्डा पाणी मारून विझवायच्या वेळेला अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं. ते संपलं तेव्हा खड्ड्यात नुसती राख होती. पुढे आम्ही आधी विझवायचो, मग भाषण. मार्चपर्यंत चाळीस पोती कोळसा झाला. तुझ्या आईचं म्हणणं एकच, "पांढरे कपडे घालून मीटिंगले कायले जाता? धुतं कोन?"

तू बजावलं होतंस की कोळसा कोरा टाकू नका, शेणकाल्यात आणि गोमूत्रात पंधरा दिवस भिजवा, नाहीतर तो पिकाच्या वाट्याचं खत आधी स्वतःच पिऊन बसेल. आता अकरा सभासदांकडे मिळून नऊ मोटारसायकली आणि एक गाय. तिच्यामागे मी आणि मदनसिंग चार दिवस पहाटे बादली घेऊन उभे राहिलो. आम्ही उभे असलो की ती रवंथ करायची, चहाला गेलो की कार्यक्रम उरकायची. जमलं अडीच लिटर. पेरणी तोंडावर आली, तेव्हा मीच ठराव मांडला की कोळसा पावसात आपोआप भिजेल. ठराव एकमताने पास झाला. तुला मात्र फोनवर सांगितलं, पंधरा दिवस भिजवला.

जुलैत कोरा कोळसा टाकलेलं आपल्या अर्ध्या एकरातलं सोयाबीन पिवळं पडलं. धुऱ्यापलीकडे शेजारच्या भागवतचं अर्ध्या एकरातलं, नुसत्या शेणखतावर, हिरवंगार. त्याच आठवड्यात तू फोटो मागितलास आणि शेलूबाजारचे शेतकरी प्रयोग बघायला येणार असल्याचा निरोप आला. पुढचं लिहिताना लाज वाटते. 'बायोचार प्रात्यक्षिक' ही पाटी मी आपल्या वावरातून उपटली आणि भागवतच्या वावरात रोवली. त्याला म्हणालो, तुझ्या वावरात ती रस्त्यावरून नीट दिसते. वावर ओळखू येऊ नये म्हणून तुझ्यासाठी फोटोही त्याच्याच पिकाचा, अगदी जवळून काढला.

शेलूबाजारवाल्यांनी शाल-नारळ देऊन भागवतचा सत्कार केला. "कोयश्यानं कुठं पीक येते का," म्हणून सहा महिने हसणारा हा माणूस बायोचारवर अर्धा तास बोलला, आणि माझ्यापेक्षा बरा बोलला. फक्त शेवटी ठासून सांगून बसला, "भिजवाची काही गरज नाही, मी कुठं भिजवला?" लोकांनी ते वहीत लिहून घेतलं. मी तिथेच उभा होतो, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

सोंगणी-मळणीनंतर आपल्याला दोन क्विंटल झाले, भागवतला चार. तुला कळवताना मी आकडेही उलटे सांगितले. तू "बाबा, आपण जिंकलो" म्हणून ओरडलीस, तेव्हापासून मला जेवण जात नाही. चौथ्या दिवशी तुझ्या आईने माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं. म्हणाली, "लोकं कोरा कोयसा टाकतीन, त्यायचं पीक जाईन, अन् नाव पोरीचं खराब होईन. समजते का तुमाले?"

समजतं. तीस वर्षांत मी विनातिकीट माणूस सोडला नाही. सख्ख्या मेहुण्याला मालेगावच्या अलीकडे भर उन्हात उतरवलं होतं, तुझी आई अजून ऐकवते. आज तुझ्या अहवालात मीच विनातिकीट बसलो आहे. म्हणून सकाळी पाटी उपटून आणली. भागवत धावत आला, "काहून नेता? तिच्यापायी लोकं मले इचारतात." त्याला सगळं सांगितलं. उद्या आम्ही दोघं शेलूबाजारला जाऊन चूक कबूल करणार आहोत. शाल तेवढी तो परत करायला तयार नाही. पिशवीतली वाळकी झाडं आपल्या वावरातली आहेत, ती सोमवारी सरांसमोर ठेव. दोन क्विंटल आपले, चार भागवतचे, कोळसा कोरा, आणि चूक सचिव भिवाजीची, असं स्पष्ट लिही. बापाचं नाव आहे म्हणून हात आखडू नकोस. मेहुण्याला उतरवणाऱ्या माणसाची तू मुलगी आहेस, बापालाही उतरव.

तुझाच,
रस्त्यात उतरलेला
बाबा