कमलने कापलेलं पॅकिंग

सोम. २ फेब्रु.
गाडीखाली पुन्हा तेलाचा डाग. भाकरीएवढा. इंजिनच्या उजव्या झाकणातून गळतंय. तीन गुरुवार झाले, बायकोला, कमलला, टेंभुर्णीला नेता आलं नाही. तिची थोरली बहीण, अक्का, तिथे अंथरुणाला खिळलेली, दर गुरुवारी वाट बघते. बसच्या पायऱ्या कमलच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. माझ्यामागे बसून येते ती.
सुनीलचा जालन्याहून फोन. "बाबा, रविवारी येऊन राह्यलो. तवा थेंब जरी दिसला, तर गाडी भंगारात." पोरगं काळजीनेच बोलतं. तरी...

मंगळ. ३
झाकणाखाली तेल अडवायला बसतं ते पॅकिंग नवं आणलं. अंगणात बसून तेल काढलं, किक काढली, झाकण खोललं. आत जुनं पॅकिंग. बघताच ओळखलं. मागे पहिल्यांदा झाकण खोललं तेव्हा बाजारात मिळालं नव्हतं. झाकणाला तेल लावून माझ्या कवितांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर छाप उठवला, कमलने शिवणाच्या कात्रीने कापलं. एका भोकाशी कात्री घसरली, ती वाकडी खाच अजून तशीच. वहीत शाळेतल्या सगळ्या कविता उतरवलेल्या. "कविता ऱ्हाऊ द्या, मला पुठ्ठाच पायजे," म्हणाली होती.
ते खरडायला हातात ब्लेड, अन् कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

बुध. ४
नवं बसवलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. सहावीतली कविता म्हणत आवळले. एका ओळीला एक बोल्ट. तेल भरलं.

गुरु. ५
सकाळी डाग. आता पुरीएवढा. कमल नवं पातळ नेसून तयार होती. नको म्हणालो. तिने पातळ बदलून घडी घातली.
खरं काय ते लिहितो. जुनं पूर्ण खरडलंच नाही. तिच्या खाचेपाशी ब्लेड थांबलं. तेवढा तुकडा ठेवून वर नवं चढवलं. बसणार कसं बराबर?

शुक्र. ६
तिला सांगून टाकलं. आधी खूप हसली. मग शेजारी पाट घेऊन बसली.
"येडे का तुम्ही? खरडा ते. मी हाये न हितं."
खरडलं. भुगा होऊन निघालं. पेट्रोलने पुसलं, दुसरं नवं पॅकिंग लावलं. बोल्ट आवळताना एक ओळ आठवेना, ती तिने सांगितली. तिला कधीपासून पाठ?

शनि. ७
टेंभुर्णी. सावकाश गेलो, सावकाश आलो. अक्का म्हणाली, "आज गुरुवार हाये का गं कमे?" कमल म्हणाली, हो. हात सोडवेना दोघींना.
परतल्यावर कमलने स्वतः गाडीखाली कोरा कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले.

रवि. ८
सकाळ. सुनीलने वाटेतलं राजूर सोडलं म्हणे. चहा झाला. कमलने अजून अर्धा अर्धा कप केला. गाडी दारातूनच दिसते, कागद दिसत नाही. बघून या, ती म्हणाली. तू बघ, मी म्हणालो.
दोघंही बसून आहोत.