सुषमाची सीट

३० जाने., शुक्र.
चेन्नईहून परत. मधली सीट दिली होती. काउंटरवरच्या पोरीला विचारलं, मग गोल्ड कार्ड कशाला देता, ओवाळायला? ती सॉरी सॉरी करत राहिली. शेवटी खिडकी मिळाली. कंपनीच्या कामासाठी दर आठवड्याला उडायचं, एवढा मान तर पाहिजेच.
शिरूरला घरी पोचलो तर आप्पा शेजाऱ्यांना सांगत बसलेले, आमच्या पोरानं फोन केला तर इमान थांबतं. वडिलांची सोसायटीची चेअरमनकी कधीच गेली, पण जगातलं कुठलंही काम एका फोनवर होतं हा विश्वास जात नाही. मी खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटतं.

३ फेब्रु., मंगळ.
नानामामा गेले. निमोण्यात, दुपारी, अंगणातल्या खाटेवर. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आईचा पाठचा भाऊ. आई तेव्हापासून बोलत नाही.
मामांची सुषमा बेंगळुरूला. तिचा भाऊ बाळू तिला फोनवर सांगत होता, संध्याकाळच्या रेल्वेनं निघ, उद्या दुपारनंतर दौंडला उतर, मी गाडी घेऊन स्टेशनावर थांबतो. ती निघालीच होती. आप्पांनी सगळ्यांदेखत त्याच्या हातातून फोन घेतला.
"रेल्वेनं कशाला? सकाळच्या इमानानं ये. दादाचं कार्ड हाय."
मी गोल्डवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. विमान फुल. तिकडचा म्हणाला, वेटिंगला टाकतो, प्रायॉरिटी लिहितो, होऊन जाईल सर. सगळं अंगण माझ्या तोंडाकडे बघत होतं. म्हटलं, झालंच समजा.
मामांना बर्फाच्या पेटीत ठेवलंय.

४ फेब्रु., बुध.
नाही झालं.
सुषमा पहाटेपासून तिकडं विमानतळावर. मी इकडून फोनवर फोन. दर वेळी आधी तीच रेकॉर्डवरची बाई, आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात, मग बासरी. शेवटी एकानं सांगितलं, सवलत कार्डधारक स्वतः प्रवास करत असेल तरच. नियमात आहे म्हणे. असेलच. मी कधी वाचायला गेलो, मला सगळं मिळतच होतं. पुढचं विमान संध्याकाळचं, तेही फुल.
थोरली माणसं म्हणाली, आता किती थांबायचं. दुपारी उचललं. सुषमानं मोबाइलवर पाहिलं. मोबाइल मीच धरला होता. स्मशानात रेंज जात येत होती. तिचं रडणं तुटक तुटक ऐकू…

५ फेब्रु., गुरु.
बाळू दौंडहून सुषमाला घेऊन आला. शेवटी रेल्वेनंच आली.
हातपाय धुताना बाळू माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल पण टायमात आली व्हती गाडी. चौकशी केली म्या. पोरगी रस्त्यात हाय म्हटल्यावर कुणी उचललं नसतं."
आप्पा तिथंच होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणतात, तू त्यांच्याशी नीट बोलला नसशील. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.
विमानवाल्यांचा मेसेज. आमच्याशी बोलून कसं वाटलं? पाचपैकी किती तारे?

६ फेब्रु., शुक्र.
सकाळी सावडणं झालं. सुषमा माझ्याशेजारी येऊन बसली. वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.
"एक सीट उरली होती, दादा. वेटिंगला मी पहिली होते. तेवढ्यात एक माणूस आला, तुझ्यासारखंच कार्ड. त्याला दिली. मी म्हटलं, माझे वडील गेलेत. तो काउंटरकडे बोट दाखवून म्हणाला, यांच्याशी बोला, आणि गेला."
अशा सीटा मीही घेतल्यात. मागं कोण उभं आहे ते वळून बघायची वेळ कधी आली नाही. लाज वाटते. वाटून काय होतंय.

९ फेब्रु., सोम.
साहेबांचा फोन. शुक्रवारी सकाळी चेन्नई, जावंच लागेल. विमान फुल आहे म्हणे, पण तुझं काय, तुझं होतंच. हसले.
आई आज दोन शब्द बोलली, तेही माझ्या बायकोशी.

१२ फेब्रु., गुरु.
मामांचा दहावा. घोड नदीच्या काठी.
कावळा शिवेना. बाभळीवर चांगले पाच-सहा बसलेले, पण खाली एकही येईना. बाळूनं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. चुलत्यांनी सांगितलं, बांधाचा वाद मिटवू. काही नाही. ऊन डोक्यावर आलं. मामांचा जीव कशात अडकला ते काठावर उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.
आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "तू व्हय की पुढं. म्हण, सुषमाला कवाच अंतर देणार न्हाई."
गेलो पुढं. हात जोडले. सुषमा शेजारीच उभी होती. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "दादा, तू नको शब्द देऊस."
तसाच मागं आलो. आप्पा विचारत होते, काय झालं, काय झालं.
उद्याचं विमान सकाळी आहे. तिकीट रद्द केलेलं नाही. चेक-इनही केलेलं नाही.